गणपतच्या दारातला उतार

मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन गुरुदास कुणकेश्वरजवळच्या आपल्या वाडीत परतला आणि त्याने फायबरची एक छोटी होडी घेतली, ट्रॉलीसकट. सकाळी समुद्रात जरा आत जाऊन गळ टाकावा, जेवायला घरी यावं, एवढीच हौस. अडलं ते एका गोष्टीवर. होडी पाण्यात उतरवायची कुठून?

जागा होती. वाडीतला सिमेंटचा उतार खडकाच्या आडोशाला, तळ टणक, लाट मंद. पण तो थोरल्या भावाच्या, गणपतच्या, दारासमोर होता.

वडील वारल्यावर त्यांची लाकडी होडी गुरुदासने गणपतला न विचारता विकली होती. गणपत तेव्हा आजारी बायकोला घेऊन गोव्याला दवाखान्यात होता. परत येऊन बघतो तर खोपीत होडी नाही. ती एका हॉटेलच्या फाटकात उभी होती, पोटात माती भरून जास्वंदी लावलेली. गणपत भांडला नाही. धाकट्याशी बोलणं मात्र त्याने सोडलं.

म्हणून गुरुदास जीप घेऊन जागा शोधत फिरला. चौपाटीवरची वाळू भुसभुशीत, बंदरात ट्रॉलरांची दाटी. शेवटी खाडीच्या वळणावर, कांदळाच्या झाडांआड, गुरं धुवायला उतरवतात ती वाट त्याने ठरवली.

"थंय कोण बघूचो नाय," तो बायकोला म्हणाला.

"तुमी होडी चोरून हाडलास काय?" शर्मिलाने विचारलं.

ओहोटीला त्याने जीप मागे घेतली. ट्रॉलीची चाकं चिखलात बसली, पाठोपाठ जीपची. जितका जोर करावा तितकी गाडी खाली जाई. तेवढ्यात भरती लागली. शर्मिला न विचारता वाडीकडे गेली आणि परत आली ती दोर घेतलेल्या गणपतला आणि आणखी तिघांना घेऊन.

"गाडी बंद कर," गणपत म्हणाला. इतक्या वर्षांतला त्याचा पहिला शब्द.

तो स्वतः चिखलात उतरला, दोर बांधला. सगळ्यांनी ओढून गाडी वर काढली. दोर गुंडाळत त्याने विचारलं, "उतार सोडून हंय कित्याक मरूक इलंस? माका बघूचा नाय म्हणान?"

"तुमका तोंड दाखवूक धीर होत नाय, दादानू." गुरुदासची मान वर होईना. "बापाशीची होडी... माझा चुकला."

"ह्यां सांगूक तुका इतकी वर्सां लागली?"

बाकीचे तिघे उगाच खाडीकडे बघत राहिले. गुरुदासला वाटलं, भाऊ चार शिव्या देता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गणपतने उतारावर उभं राहून, हाताने खुणा करत ट्रॉली पाण्यात घ्यायला लावली. होडी तरंगली.

"बसा, दादानू."

गणपतने होडीच्या काठावर हात ठेवला, आत पाहिलं. "नको. तूच जा." आणि त्याने ती लोटून दिली.

त्या दिवशी गुरुदासने गळ टाकलाच नाही. किनाऱ्याकडे पाठ करून तो नुसता बसून राहिला. आता रोज तो तिथूनच उतरतो. गणपत ट्रॉलीला हात लावायला येतो, वाऱ्यापाण्याचे दोन शब्द बोलतो. होडीत मात्र तो अजून बसलेला नाही, आणि पुन्हा विचारायचं गुरुदासच्या जिभेवर येत नाही.