लिंबू धरणारा हात

"आवं, बशी तिकडं न्हाई, हिकडं हाय!" मनुबाई ओरडली तोवर अर्धा चहा नाथाजी वस्तादांच्या धोतरावर सांडला होता.

"हात हलला," वस्ताद पुटपुटले.

"हात न्हाई, डोळा हुकला." तिनं फडक्यानं धोतर टिपलं. "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितल्यालं मला एकटीलाच ऐकू आलं व्हय? उजवा डोळा गेला तो गेला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत न्हाई. अन् परवा तुमी भर मांडवात त्या पोरीच्या हातावर लिंबू ठिवून दांडपट्टा चालवणार!"

"हळू बोल. शेजारी ऐकत्याल."

"ऐकू द्या की! शाळेला कळलं तर लय तर घरी बसवत्याल. पोरीचा हात तुटला तर?"

उत्तर वस्तादांपाशी तयार होतं. चार महिने ते स्वतःला तेच देत आले होते. "रोज तीन लिंबं कापतोय. डोळा गेल्यापास्नं एक वार चुकला न्हाई. पट्टा डोळ्यानं चालत न्हाई, मनू. अंगानं चालतो."

मनुबाईनं बशी उचलली आणि हळूच त्यांच्या हाताखाली सरकवली.

पट्टा अंगानं चालतो, हे वस्ताद साताऱ्यात शिकले होते. अडीच हात लांब, लवलवतं पातं. लोखंडी मूठ कोपरापर्यंतचा हात गिळून टाकते, मनगट वळवायला जागाच नाही. वार निघतो तो कमरेतून. बारा वर्षांचे असताना ते कोंडीबा वस्तादांच्या तालमीत गेले, तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांना पट्ट्याला शिवूही दिलं नव्हतं. "लिंबू धर," कोंडीबा म्हणायचे. "अंगावर येणारा वार ज्याला बघवत न्हाई, त्यानं दुसऱ्यावर करायचा न्हाई."

मग गुडघ्यावर बसायचं, हात लांब करायचा, तळव्यावर लिंबू. थोरली पोरं वार करायची. लिंबाची दोन शकलं व्हायला हवीत, तळव्याला ओरखडा नको. एकदा नाथाजी घाबरला, हात मागं घेतला आणि तळवा आडवा चिरला. रक्तापेक्षा त्यावर सांडलेला रसच जास्त झोंबला. तो व्रण अजून होता.

खुंटावर लिंबू ठेवून कापणं म्हणजे त्या तालमीत पोरखेळ. कसब मोजायचं ते जित्या हातावरच. आणि आणखी एक रिवाज होता. चेला तयार झाला की वस्ताद त्याच्यासाठी लिंबू धरतो, एकदाच. त्या दिवसापासून वस्तादानं पट्टा खुंटीला टांगायचा. कोंडीबांनी नाथाजीसाठी लिंबू धरलं, आणि मरेपर्यंत मुठीत हात घातला नाही.

पुढं पलटणीत पंधरा वर्षं वस्तादांनी जवानांना लाठी आणि संगीन शिकवली. सत्तर साली सांगलीच्या मुलींच्या शाळेत ते लागले, तेव्हा गावानं टवाळी केली. "वस्ताद, त्यापरास लाटणं फिरवायला शिकवा!" पहिल्या वर्षी चार मुली आल्या. सहाव्या वर्षी मैदानात चाळीस उभ्या राहिल्या, आणि त्यांत पहिली होती गुणमाला, हळदीचे व्यापारी धरणेंद्र शेठ यांची मुलगी.

"आमच्यात मुंगीवर पाय पडू देत नाहीत, वस्ताद," शेठ तिला सोडायला आले तेव्हा म्हणाले होते. "आणि ही पातं फिरवणार?"

"लिंबूच कापायचं हाय, शेठजी."

"लिंबात जीव नसतो होय?" शेठ हसत हसत निघून गेले होते, पण तिला मात्र मागं ठेवून.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात तालीम चालली होती. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव सहज म्हणून डोकावले. तरुणपणी कुस्त्या मारलेला दांडगा गडी. वस्तादांनी गुणमालेच्या तळव्यावरचं लिंबू उडवलं आणि हंबीररावांनी मांडीवर थाप मारली.

"वा रं वा! वस्ताद, उद्या लिंबू मी धरणार. अध्यक्षाचा हात! लोक वर्षभर बोलत्याल."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. वस्तादही हसले. एकटी गुणमाला हसली नाही. सगळे पांगल्यावर ती पुढं आली.

"वस्ताद, साहेबांना नाही म्हणा."

"का? तुझा मान गेला म्हणून?"

"नाही. साहेब हात हलवणार नाहीत म्हणून."

"हात हलवायचाच नसतो, पोरी."

"मी हलवते." तिनं तळवा पुढं करून दाखवला. "तुमचा वार चार बोटं डावीकडं येतो. खांदा वळला की मला कळतं, मग मी सरकते."

वस्तादांना आधी रागच आला. "कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

मैदानाच्या कडेला व्हॉलीबॉलच्या जाळीचा तुटका खांब कमरेएवढा उभा होता. वस्तादांनी त्यावर लिंबू ठेवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते खुंटापुढं उभे राहिले. पवित्रा घेतला, कंबर वळली, पातं सुसाटलं.

लिंबू जागच्या जागी होतं.

दुसरा वार खांबाच्या लाकडात रुतला. तिसरा त्यांनी केलाच नाही.

"तुझा हात गेला असता," ते म्हणाले. "रोज. तीनदा."

"तुम्हीच शिकवलंत ना, वार बघत बसायचं?"

"शाळेत का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला कोणी येऊ दिलं असतं?"

घरी वस्तादांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. उद्या आजारी पडावं? मग परवा काय? मनुबाईनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई." डोळा मिटला की हंबीररावांचा जाडजूड तळवा दिसायचा, त्यावर लिंबू, आणि लिंबाच्या डावीकडं चार बोटांवर मनगट.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. लेझीम झाली, लाठी झाली. हंबीरराव मंचावर चढले, बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि लोकांना दंड दाखवून गुडघ्यावर बसले. शिट्ट्या झाल्या. मनुबाई बायकांच्या रांगेत पदराचं टोक दातात धरून बसली होती.

वस्तादांनी मुठीत हात घातला. अध्यक्षांच्या तळव्यावर पिवळं काहीतरी दिसत होतं. जवळ की लांब, ते कळेना. त्यांनी पातं अंदाजानं पुढं-मागं केलं. लोकांना वाटलं, खेळातलंच आहे.

"चालवा वस्ताद!" हंबीरराव ओरडले.

वस्ताद त्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, माझा उजवा डोळा गेलाय. तुमचा हात मला नीट दिसंना."

हंबीररावांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. फक्त गुंडाळलेली बाही त्यांनी हळूहळू खाली ओढली.

वस्तादांनी मुठीतून हात काढला आणि मांडवाकडं वळले. "आमच्या तालमीत रिवाज हाय. चेला तयार झाला की लिंबू वस्तादानं धरायचं. गुणमाला, ये."

ती आली, पण पट्टा घेईना. "वस्ताद, मग तुम्ही परत कधी..."

"ठावं हाय मला. घे."

ते गुडघ्यावर बसले. तळवा लांब केला. जुना व्रण झाकला जाईल असं लिंबू ठेवलं.

"मी सरकणार न्हाई, पोरी. तुझं तुला बघाय पाहिजे."

तिनं पवित्रा घेतला. पुढच्या रांगेत धरणेंद्र शेठनी डोळे मिटले. वस्तादांनी मिटले नाहीत. एका डोळ्याला दिसत होतं तेवढं ते बघत राहिले. तिचा खांदा वळला, वारा अंगावर आला आणि थंड रस तळव्यावर सांडला.

ते झोंबायची वाट बघत बसले. झोंबलं नाही.

टाळ्यांत हंबीरराव काहीतरी म्हणत होते. "...उद्यापास्नं पोरींना तिनं करून दाखवायचं, तुमी सांगायचं. तोंड हाय न्हवं शाबूत?"

सकाळी वस्ताद घरात खिळा शोधत होते. पट्टा भिंतीपाशी टेकून उभा होता. मनुबाई हातोडी घेऊन आली आणि त्यांच्याकडं बघत उभी राहिली.

"कोण ठोकणार?"

"तू ठोक," वस्ताद म्हणाले. "खिळा मी धरतो."

"बोट हलवू नका मग."

"न्हाई हलवत."