बसऱ्याची बोली, चोपड्याची केळी

बारावीनंतर शाझिया अरबी शिकणार म्हटल्यावर तिच्या अब्बांना हसूच आलं. जळगावच्या मेहरूणमध्ये त्यांचं, चांदभाईंचं, गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजता पिंजता ते म्हणाले, "अगं, सातव्या वर्षी कुराणातली अरबी वाचायला लागलीस तू. आता कॉलेजात जाऊन पुन्हा अलिफ-बे गिरवणार?"

"वाचते अब्बा, पण समजतं कुठे? 'मला चार पेट्या केळी हवीत' एवढं तरी सांगता येतं का आपल्याला अरबीत?"

चांदभाईंनी यंत्र बंद केलं. खरंच येत नव्हतं.

"आणि नुसती भाषा नाही," शाझिया पुढे म्हणाली, "व्यवसायाची पदवी आणि परदेशी भाषा, दोन्ही एकत्र. तीन वर्षं."

जळगावच्या त्या कॉलेजात हा जोड अभ्यासक्रम नवाच होता. बाकीच्यांनी जर्मन घेतली, अरबी घेणारे चौघंच. सकाळी मार्केटिंग आणि निर्यातीचे नियम, दुपारी क्रियापदांची रूपं. कॉमर्सची पोरं त्यांना 'भाषावाले' म्हणायची आणि भाषेचे सर लाडाने 'दुकानदार'. शाझियाला दोन्ही नावं आवडायची. व्याकरणात ती पहिली येई. सरांनी टाकलेलं कुठलंही वाक्य ती न अडखळता मराठीत आणी.

शेवटच्या वर्षी सहा आठवडे प्रत्यक्ष कामावर जायचं होतं. चोपड्याच्या अलीकडे लीलाधर पाटलांचं केळी भरायचं पॅकहाऊस होतं. त्यांचा माल इराकात बसऱ्याला जायचा. "अरबी येणारी पोरगी? उद्याच पाठवा," लीलाधरभाऊ सरांना फोनवर म्हणाले.

शाझिया रोज पहाटेची एसटी धरून जाऊ लागली. तिथल्या हौदाशी बाया केळ्यांच्या फण्या धूत बसलेल्या असत. त्यांत सगळ्यांत म्हाताऱ्या भिकुबाई. केळ्याचा चीक लागून त्यांची बोटं काळी पडलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी शाझियाला शेजारी बसवून घेतलं आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवून त्या अहिराणीत म्हणाल्या, "खाय पोरी. भूक्या पोटे कसी बोलशी त्या परदेशवालासंगे?"

दुसऱ्या आठवड्यात बसऱ्याच्या व्यापाऱ्याचा, अबू हैदरचा, आवाजी संदेश आला. लीलाधरभाऊंनी मोबाइल टेबलावर ठेवला. "हां, सांग, काय म्हणतो?"

शाझियाने ऐकलं. पुन्हा ऐकलं. पुस्तकातली अरबी स्वच्छ, एकेक शब्द वेगळा. हा माणूस तर शब्द गिळत होता, भलतीकडेच ओढत होता. 'मू झेन, मू झेन' असं काहीतरी चार वेळा आलं. असा शब्द तिच्या पुस्तकात कुठेच नव्हता.

अंदाजाने काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. समोर कुणाला कळणार होतं? पण तिच्याने ते होईना. "भाऊ, मला अर्धंच कळलं. मी त्यांच्याशी फोनवर बोलू?"

लीलाधरभाऊंनी कपाळाला हात लावला, पण फोन लावून दिला.

"शुवय्य शुवय्य," तिने विनवलं, "हळूहळू बोला. मी शिकतेय." पलीकडे तो माणूस मोठ्याने हसला. 'मू झेन' म्हणजे चांगलं नाही, हे त्याने लहान पोराला समजवावं तसं समजावलं. पुस्तकात 'चांगलं' म्हणजे 'जय्यिद', बसऱ्यात 'झेन'. मग खरी गोष्ट सांगितली. केळी हिरवीच पोचायला हवी होती, पण कंटेनर उघडला तेव्हाच निम्मी पिवळी झाली होती.

लीलाधरभाऊ उसळले. "सांग त्याला! माल मी सोन्यासारखा भरला होता. तुम्हीच बंदरावर उन्हात ठेवला असणार."

हे वाक्य तसंच्या तसं गेलं तर फोन तिथेच कट होणार, हे ओळखायला शाझियाला पदवीची गरज नव्हती. ती फोनवर म्हणाली, "भाऊंना वाटतं, प्रवासात गारवा कमी झाला. तापमानाची नोंद पाठवाल का?" आणि फोन ठेवल्यावर भाऊंनाही खरं सांगून टाकलं, की तुमचा राग मी बाजूला ठेवला, फक्त शंका पोचवली.

नोंद आली. गारवा एकदाही कमी झाला नव्हता.

तिने हौदाशी जाऊन भिकुबाईंना विचारलं, मग केळी वाटेतच पिकली कशी? त्या खाली बघतच बोलल्या. "ह्या घड आठ दिन आधीच कापाले पाहिजे व्हतात. दिवाळीले मजूर घर गयात, तठलोंग केया बठ्ठा भरी गयात. पन माले कोन इचारस?" दिवाळीच्या सुट्टीत कापणी लांबली होती आणि तोवर 'बठ्ठा', म्हणजे सगळाच माल, झाडावर जास्त भरून गेला होता.

शाझियाने धीर करून लीलाधरभाऊंना ते सांगितलं. भिकुबाईंचं नाव मात्र काढलं नाही. ते म्हणाले, "काम माझ्याकडे करतेस की अबू हैदरकडे?" पुढचे दोन दिवस तिला कुणी फोनजवळ बोलावलं नाही. एसटीत खिडकीशी बसून ती रडली. घरी अम्मीने, कनीजने, काही न विचारता तिच्यासाठी अंड्याची पोळी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ स्वतःच बागेतून येत होते, चिखलाने भरलेल्या चपलांनी. कापणीच्या तारखांची वही त्यांनी पाहिली होती, उरलेले घड दाबून पाहिले होते. "लाव फोन," ते म्हणाले. "म्हणावं, चूक आमच्याकडे झाली. उशिरा कापला माल. हे मात्र मी बोलतो तसंच सांग, काही बाजूला ठेवू नकोस."

तिने शब्द न् शब्द सांगितला, आणि शेवटी 'मू झेन' हेही स्वतःहून जोडलं. अबू हैदर म्हणाला, पंधरा वर्षांत कुठल्या व्यापाऱ्याने आपल्याला असं सांगितलं नव्हतं. पुढचा माल थोडा पाठवा, पण पाठवा.

त्या दिवसापासून कापणीच्या आधी लीलाधरभाऊ घड पारखायला भिकुबाईंना बागेत नेऊ लागले. उशिराच्या कापणीचं शाझियाला कुणी सांगितलं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण भिकुबाईंना मोटारसायकलवर मागे बसवून नेताना ते शाझियाकडे बघून हसत.

तोंडी परीक्षेत मात्र गंमत झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अरबीत विचारलं, तुमचा प्रकल्प कसा झाला? शाझिया ऐटीत म्हणाली, "झेन!" त्यांना पुस्तकातला 'जय्यिद' हवा होता; त्यांनी भुवया वर केल्या आणि दोन गुण कापले. तरी ती वर्गात दुसरी आली.

आता ती लीलाधरभाऊंच्याच पॅकहाऊसवर नोकरीला आहे. सकाळी अबू हैदरची बायको फोनवर तिला बसऱ्याच्या नव्या शब्दांची शिकवणी देते, आणि बदल्यात अहिराणी शिकते. परवा त्या बाईने कंटेनरबद्दल अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या बसऱ्याच्या बोलीत विचारलं, "बठ्ठा झेन शे ना?"

शाझियाला हसू आवरेना. तिने फोन हौदाकडे नेला आणि भिकुबाईंच्या कानाला लावला.