मंदाच्या वाळूच्या बरण्या

मंदा गेल्याचं मीच सगळ्यांना कळवलं. गावाला, तिच्या शाळेत, चाळीतल्या जुन्या बायकांना. तिच्या कॉलेजला कळवायचं राहिलं. कॉलेज म्हणजे इमारत असते, दारात वॉचमन असतो, एवढंच मला ठाऊक. हिचं कॉलेज फोनमध्ये होतं. तेराव्यानंतर आठेक दिवसांनी तिच्याच फोनवर कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. "मंदाताई, तीन आठवडे वर्गाला नाही तुम्ही?" मी म्हणालो, "ती आता कुठंच नाही." असं तोडून बोलायला नको होतं...

मंदा म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. माझी मिल बंद पडल्यावर घर तिनंच ओढलं. रिटायर झाली, आता निवांत बसेल म्हटलं, तर समुद्र आणि किनाऱ्याच्या शास्त्राचं एमएस्सी लावून बसली, घरबसल्या. संध्याकाळी सात वाजले की ओट्यावरच्या एका बरणीला फोन टेकवायची आणि वही घेऊन समोर. भाकऱ्या मी थापायचो, वेड्यावाकड्या. "अगं, लालबागहून बस पकडली की समुद्र. फोनमध्ये काय बघतेस त्याला?" म्हणायची, "तुम्हाला चाळीस वर्षं समोर बघतेय, कळलात का?" एकदा माईक चालू राहिला होता, अख्खा वर्ग हसला.

वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या जवळचा किनारा अभ्यासायचा होता. म्हणून वर्षभर दर अमावास्येला, ओहोटी लागली की आम्ही दादर चौपाटीवर. मी टेपचं टोक धरून उभा, ती मोजून वाळू खरवडायची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरायची. एकानं विचारलं, "आजी, काय हरवलंय?" "थोडा किनारा," ती म्हणाली. बारा बरण्या झाल्या की एकदम तपासायला पाठवायच्या होत्या. बारावी भरली आणि चार दिवसांत तीच गेली.

दहाव्याला अस्थी घेऊन दादरला गेलो, तेव्हा फळीवरच्या अकरा बरण्याही नेल्या. तिचं तिच्याबरोबर जावं म्हणून. जिथली वाळू तिथं ओतली. बरं वाटलं मला. आणि आता बाई सांगतात, तिचं बाकी सगळं लिहून झालं होतं, वाळू तपासली की तिच्या नावानं डिग्री निघाली असती. मी म्हणालो, "परत भरून आणतो. जागा पाठ आहे मला." बाई म्हणाल्या, "काका, ती वाळू आता तिथं नसणार. दर भरतीला बदलते." वाळू ती वाळू, असं मी समजत होतो. अजून नीट कळलेलं नाही. मी चांगलं केलं की वाटोळं केलं, तेही नाही.

एक बरणी राहिली, फोन टेकवायची. ती ओट्यावरच होती, माझ्या ध्यानातच आली नाही. बाई म्हणाल्या, "एकीवर डिग्रीचं सांगता येत नाही, पण प्रयत्न करू. अर्धी पाठवा, पुरे." बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे. जागा, तिथी, ओहोटीची वेळ. खाली लिहिलंय, टेप धरणारे : आमचे हे.

अर्धी वाळू पाठवली. बाई वर्गाची लिंक अजून पाठवतात, मीही लावतो, कळत काही नाही. पण बरणी हलकी झालीय, फोन टेकवला की मागं सरकते. मग वर्ग संपेपर्यंत मी ती हातानं धरून बसतो.