भगवानरावांच्या इटालियनवर धरलेली जागा

आमच्या कळव्याच्या इमारतीत जिन्याखालची जागा माझ्या स्कूटरची. कागदोपत्री ती अजूनही माझीच आहे. प्रत्यक्षात तिथे भगवानराव तांब्यांची लालभडक इटालियन मोटरसायकल नांदते, आणि माझी स्कूटर बाहेर झाडाखाली कावळ्यांच्या कृपेने पांढरी झाली आहे. तेव्हा या माणसाबद्दल मी फार गोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

भगवानराव जन्मभर पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. त्या धडधडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं कानात सांगितलेलं गुपितसुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं. रिटायर झाले त्याच आठवड्यात ते बाळकुमच्या एका टॉवरमधून टेम्पोत घालून ही गाडी घेऊन आले. कुणा श्रीमंत पोराने ती दुभाजकावर आपटली होती. दिवाळीपर्यंत उभी करतो, असं म्हणाले. कुठली दिवाळी ते सांगितलं नाही.

गाडी उभी राहिली खरी, पण तांब्यांच्या घराला शोभेल अशी. शर्यतीच्या गाडीला त्यांनी साडीगार्ड लावला. मागच्या टीचभर सीटच्या जागी डोंबिवलीच्या सोफावाल्याकडून मंजुळावहिनींच्या मापाची रेक्झीनची गादी करून घेतली, तीही एका बाजूला पाय सोडून बसण्यासाठी. भाजीच्या पिशवीला हूक आला. चालवणाऱ्याने मात्र टाकीवर पालथं पडायचं आणि आरशात स्वतःचीच कोपरं बघायची. त्यात भगवानरावांच्या मानेला पट्टा, म्हणजे मागे वळून बघायचा प्रश्नच मिटला. आणि एवढं सगळं झालं की ते गाडी पुन्हा खोलायचे, कधी आवाज बारीक येतो म्हणून, कधी मोठा येतो म्हणून.

शेवटी वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं. लेकीच्या, रचनाच्या, नव्या घरात रविवारी बुद्धवंदना आहे, बाळकुमलाच. या गाडीवरून मला तिथे नीट न्या, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला मीच जिना दाखवीन. वहिनी बोलतात ते करतात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. मी तर स्कूटर धुवायला सोमवारची रजाच टाकली.

रविवारी मलाही बोलावणं होतं. कळव्याच्या पुलावर सगळं तुंबलं होतं, म्हणून मी रिक्षा सोडून चालू लागलो. बघतो तर पुढे इटालियन, तीही तुंबलेली. मागच्या गादीवर पांढऱ्या साडीतल्या वहिनी हेल्मेट घालून बसल्या होत्या. मला पाहताच त्या अलगद खाली उतरल्या, हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "सुदेशभाऊ, चप्पल पडलीय मागे. तेवढी जागा धरा."

आता जागा धरा म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस प्रश्न विचारत नाही. पाण्याच्या टँकरपाशी, डॉक्टरकडे, लग्नाच्या पंगतीत आम्ही जागा धरतच मोठे झालो. मी बसलो. गादीच तशी असल्यामुळे एका बाजूला पाय सोडून बसलो. आणि नेमकी पुढची रिक्षा सरकली.

इंजिन तापलं म्हणून भगवानरावांनी ते बंद करून टाकलं होतं. ते पायांनी गाडी ढकलत होते. सीटखालून सायलेन्सर जात असल्याने मी खालून भाजून निघत होतो. तेवढ्यात समोर बघतच भगवानराव बोलू लागले. मंजुळा, नीट बसलीस ना, असं त्यांनी अख्ख्या पुलाला विचारलं. मी बारीक आवाजात हं म्हटलं. दुसरं काय करणार होतो?

"खरं सांगू का," ते म्हणाले, "गाडी कधीचीच झालेली. मीच परत परत खोलायचो. सकाळी डबा घेऊन निघायची सवय ना. घरी नुसता बसलो असतो तर तू विचारलं असतंस, आता दिवसभर काय करणार. मला माहीत नव्हतं. तुझ्यासमोर रिकामं बसायची भीती वाटायची गं."

शेजारच्या रिक्षावाल्याने गाणं बंद केलं. मला वाईट वाटलं, आणि या माणसासाठी वाईट वाटावं याचा मला भयंकर राग आला. डावीकडे पाहिलं तर वहिनी. चप्पल हातात घेऊन त्या गाडीच्या बरोबरीने चालत होत्या, किती वेळ कोण जाणे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

भंगारात नको देऊस, भगवानराव पुढे म्हणाले, दुसरं काही करायला मिळेपर्यंत तरी. मग विचारलं, "चिडलीस का?" मी जोरात मान हलवली, तर हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

पूल संपला तिथे सिग्नलला वहिनींनी माझी बाही ओढली. मी उतरलो. त्यांनी चप्पल घातली, हेल्मेट घेतलं आणि आपल्या जागेवर बसल्या. मग पुढे वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "पाहिजे तर परत खोला. पण जिन्याखाली माझ्यासाठीपण एक स्टूल आणा. वर मीपण रिकामीच बसते."

हिरवा दिवा लागला तरी भगवानराव हलेनात, तेव्हा रिक्षावाला उतरला आणि आम्ही दोघांनी मिळून ती ढकलली.

सोमवारी भंगारवाला आला नाही. माझी रजा फुकट गेली. आता जिन्याखाली गाडी पुन्हा खोललेली आहे, दोन स्टुलं आहेत, आणि वहिनी नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतात. परवा तिथे तिसरं स्टूल दिसलं. हे कुणाचं, असं मी जरा घुश्शातच विचारलं.

"बसा," वहिनी हात पुसत म्हणाल्या, "तुमचीच जागा धरलीय."