मैनासाठी तीन स्थळं

गागोद्याच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असो की मुलगी द्यायची असो, हैबतरावांना बरोबर घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. हैबतराव भाताचे आणि वालाचे शेतकरी, पण त्यांचं नाव झालं होतं ते पारखण्यात. स्थळ बघायला ते न कळवता जात आणि ओटीवर टेकण्याआधी मागच्या परसात चक्कर मारून येत. ओटी पाहुण्यांसाठी सारवतात, परस कुणी सारवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग पाणी किती लांबून आणता, ते विचारत. घरातलं कुणी खोकलं, तर कधीपासून खोकतंय तेही विचारत. लोक वैतागत, पण चहा देत.

त्यांची धाकटी मैना सातवीला आली आणि गावातली शाळा संपत आली. पेणला हायस्कूल होतं, पण नदीला पाणी आलं की पेण परदेशात जाई. परळच्या चाळीत हैबतरावांची बहीण कृष्णाबाई राहत होती. तिच्या घरापासून चालत जाता येईल अशी तीन सरकारी हायस्कुलं होती. "पोरीला माझ्याकडे ठेव, दादा. शाळा तेवढी तू बघून जा," असा तिने निरोप धाडला. बघून जा, हे तिने हैबतरावांना म्हणायला नको होतं.

वाल झोडून होताच धुतलेलं धोतर नेसून ते पेणहून एसटीने मुंबईला गेले. पहिल्या शाळेत ते थेट मागच्या बाजूला शिरले आणि शिपायाने त्यांना पकडून हेडमास्तरांसमोर उभं केलं.

"पाणी कुठनं आणता?" हैबतरावांनी विचारलं.

"नळाला येतं," हेडमास्तर म्हणाले.

"आटतं कवा?"

"मे महिन्यात."

मे महिन्यात शाळा बंद असते, हे हेडमास्तरांनी सांगून बघितलं. हैबतराव म्हणाले, आटतं ते आटतं. दुसऱ्या शाळेच्या आवारात एकही झाड नव्हतं. ज्या घरात सावली नाही तिथे माणसं तापट निघतात, म्हणून तीही गेली.

तिसऱ्या शाळेत मात्र मागे चिंच होती, नळ वाहत होता आणि मुली मोठ्याने हसत होत्या. हेडबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "विचारा."

"म्हायेरी कितीदा धाडाल?"

"दिवाळीला आणि मे महिन्यात. गणपतीत पाच दिवस." बाई हसल्या नाहीत, हे हैबतरावांना आवडलं.

"मारता?"

"मी नाही. एक मास्तर मारतात, पण ते आता रिटायर होतायत."

खोट काढायला जागाच नव्हती. हैबतराव घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "पत्रिका जुळत नाय."

खरं कारण सांगायचं नसलं की मुलीकडचे असाच निरोप देतात. बायको रंभा हे वाक्य आयुष्यभर ऐकत आली होती. "शाळेची पत्रिका कोनी मांडली?" तिने विचारलं. हैबतराव पुन्हा एकदा परळला जाऊन आले. या खेपेला जिने उंच निघाले.

जूनमध्ये शाळा भरायच्या आत नाव घातलं नाही, तर मैना घरी बसणार होती. सातवी झालेली मुलगी घरी बसली की वर्षा-दोन वर्षांत तिला उजवून टाकतात, हे गावाला सांगावं लागत नव्हतं. हैबतरावांनाही ते ठाऊक होतं. पण शेतावरून आल्यावर मैना ओटीवर दिसणार नाही, हेही ठाऊक होतं. जीव तुटत होता आणि दोष जिन्यांना जात होता.

मे महिन्यात रोह्याकडे दिलेली थोरली मुलगी, सरू, कडेवर पोर घेऊन माहेरपणाला आली. ती ओटीवर वाल निवडत बसली होती आणि हैबतराव तिला जिने किती उंच आहेत ते सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, माज्या येळेला तुमी एकाच फेरीत होकार दिलात."

"घर चांगलं व्हतं."

"व्हय, घर चांगलंच हाय." सरूने सुपातला एक खडा वेचून टाकला. "सातवी मी पन पास झाले व्हते. माज्यासाटी कंची शाळा बघितलीत?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तशी ती बोलली. पंचक्रोशीत कुणाचंही तोंड बंद करणारे हैबतराव सुपातले वाल चिवडू लागले. त्यांना लाज वाटली आणि ती लपवायची कशी, तेही कळेना. दारात उभी असलेली रंभा आत निघून गेली. मग ते म्हणाले, "उद्या निगू."

"मी पन येते," सरू म्हणाली. "मला बघायची हाय."

पोर आजीकडे ठेवून ती मैना आणि आबांबरोबर निघाली. तिसऱ्या शाळेला सुट्टी लागली होती, पण नावं घालून घ्यायला हेडबाई येत होत्या. या खेपेला हैबतराव मागच्या बाजूला गेले नाहीत. हेडबाईंच्या खोलीबाहेर एक बाक होता. सरूने तो पदराने पुसला आणि मैनाच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसली. डोळे मोठे करून ती समोरचा रिकामा वर्ग बघत राहिली. अंगाने ती किरकोळ होती, वय दिसत नसे.

हेडबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "दोघींपैकी नाव कुणाचं घालायचंय?"

हैबतरावांची नजर सरूवरच राहिली. मैनाने मान खाली घातली. बाई वाट बघत उभ्या होत्या.

"हिचं," सरू म्हणाली आणि बाकावरून उठली.