नानांची गाडी पूल का चढत नव्हती

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, कापड सुकवायच्या मशीनच्या पॅनलसमोर उभा होतो. फोनवर बायको रडत होती. "नाना गेले हो... झोपेतच..." मी "निघतो" म्हणालो, हातातला टेस्टर खिशात ठेवला. त्या क्षणी मनात जो पहिला विचार आला तो कागदावर उतरवायला मला इतके आठवडे लागले. विचार असा होता : चला, आता त्यांना सांगावं लागणार नाही. दुःख नंतर आलं, पुष्कळ आलं. पण आधी आली ती सुटका. काय सांगायचं राहिलं होतं, ते आज लिहितो. ताईंना विचारूनच लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा. पण सगळं लिहा."

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आणि नाना ताईंचे यजमान. म्हणजे आम्ही साडू. दोघी बहिणी नंदुरबारच्या. मी परभणीकडचा, मिलमध्ये इलेक्ट्रिकचं खातं सांभाळणारा. नाना शिरपूरकडचे. बमरोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, फिटर म्हणून लागले आणि पुढे कडोदऱ्याला त्यांनी लूमचे पार्ट बनवायचं, दुरुस्त करायचं स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. वर घर, खाली लेथ. बाहेरचा सगळा व्यवहार गुजराती-हिंदीत करायचे, आणि घरात आले की अस्सल अहिराणी. त्यांच्या हातांबद्दल कारखानदार बोलायचे. लूमच्या आवाजात उभं राहून, नुसता चौकटीवर तळवा ठेवून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. स्वतःचं कौतुक कधी करत नसत, पण हातांचं झालेलं त्यांना आवडायचं. मला ते "साहेब" म्हणायचे, तेही चिडवायला. "या साहेब! आज मिलमा लाइट गई नही वाटतं, लवकर सुटनात!"

गाडी त्यांना कापड रंगवणाऱ्या एका बंद पडलेल्या प्रोसेस हाउसच्या गोदामात मिळाली. विलायती, लाल, दोन सीटची, वर छप्पर नाही. शेठ ती भंगारात काढणार होता. नानांनी ती टेम्पोवर घालून आणली तेव्हा ताई गॅलरीतून म्हणाल्या, "आधी घराचं प्लास्टर पूर्ण करा, मग हिचं तोंड रंगवा!" काही वर्षं गेली, पण नानांनी ती उभी केली. न मिळणारे पार्ट लेथवर स्वतः बनवले. गाडी बारडोलीपर्यंत जाऊन यायला लागली. त्यांच्या मनात एकच होतं, ताईंना शेजारी बसवून नंदुरबारला जायचं. लग्नाच्या वेळी 'लूमवाला जावई' म्हणून तिथे काही नाकं मुरडली गेली होती. ताई मात्र बसायला तयार नव्हत्या. "छप्पर नाही त्या गाडीत बसायला मी काय वरातीतली नवरी शे का? आधी तुम्ही एकटे जाऊन या, मग बघू." नाना एकटे निघाले आणि वाटेत व्याऱ्याच्या पुढे गाडी बंद पडली. टेम्पोला बांधून परत आणली.

आता थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण माझा गुन्हा तिथेच आहे. जुन्या गाडीत प्लगला करंट द्यायचं काम डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा करतो. त्यात पॉइंट असतात, उघडझाप करणारे दोन धातूचे ठिपके. ते जळतात, झिजतात, घासून नीट करावे लागतात. व्याऱ्याला तेच जळले होते. मी म्हणालो, नाना, या जमान्यात पॉइंट कोण वापरतं? बाजारात इलेक्ट्रॉनिक किट मिळतं. पॉइंट काढायचे, ते बसवायचं, पुन्हा झाकण उघडायलाच नको. नाना नको म्हणत होते. "हाई काय तुन्ही मिलनं पॅनल शे का? माले याना आवाज समजस." पण मी हट्टाला पेटलो. मिलमधले जुने रिले काढून मी इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवली होती, त्याचा माज होता. किट मागवलं, आणि एका रविवारी मी स्वतः, माझ्या हातांनी, बसवलं. नाना बाजूला स्टुलावर बसून बघत होते, पाहुण्यासारखे.

बसवताना आत एक बोटभर लांबीची विणलेली वायर दिसली. डब्याच्या आत एक पत्रा असतो, त्याला आणि डब्याच्या अंगाला जोडणारी. कुरतडल्यासारखी झाली होती. नानांनी विचारलं, "ही कसानी?" मी म्हणालो, "जुन्या पॉइंटची असेल. आता काही काम नाही तिचं." आणि कापून टाकली.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इतकी गोड चालत होती की नानांनी मला मिठी मारली. संध्याकाळी आम्ही निघालो आणि कडोदऱ्याच्या पुलावर, अर्ध्या चढावर, गाडीनं आचके दिले, ठोके चुकायला लागले आणि बंद. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. ढकलत खाली आणली, सपाटीवर चावी फिरवली... आणि ती अशी चालू झाली जणू काही घडलंच नाही. घरी आणली, तासभर उभ्या जागी चालवली, एक ठोका चुकली नाही. पुन्हा पुलावर नेली, पुन्हा तिथेच मेली.

पुढचे महिने आठवले तरी अजून डोकं तडकतं. कॉइल बदलली. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या. टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं म्हणून वेगवेगळ्या पेट्रोल पंपांवर भरून बघितलं. किटवाल्यांना विचारलं, त्यांचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, "बॅटरी चेक करें." अरे, बॅटरी ठणठणीत आहे! मीटर लावला की सगळं बरोबर. घरी बरोबर, पुलावर चूक. जी गोष्ट समोर बिघडत नाही ती दुरुस्त कशी करायची? आणि या सगळ्यात किटवर मी एकदाही संशय घेतला नाही. ते मी बसवलं होतं ना. मी म्हणत राहिलो, बिघाड पेट्रोलच्या बाजूला आहे. म्हणजे कार्बोरेटरच्या. म्हणजे नानांच्या कामात.

त्याच सुमारास शुगरमुळे त्यांची बोटं थोडी थरथरायला लागली होती. माझ्या पुतणीच्या बारशाला सगळे जमले असताना कुणीतरी विचारलं, "काय नाना, नंदुरबार कधी?" नाना हसले. मीच मध्ये बोललो, "नानांच्या हाताला आता ते बारीक काम झेपत नाही. कार्बोरेटरला हात स्थिर लागतो." हसण्यावारी बोललो होतो. पानातलं उरलेलं शिकरण तसंच ठेवून नाना हात धुवायला उठले. त्यानंतर त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं नाही. मी येऊन काही करायचो, तर ते लांबून बघायचे. एकदा म्हणाले, "भो, मना हात आते पहिलासारखा नही राह्यना." हळूहळू वर्कशॉपमधलीही नाजूक कामं ते कारागिरांकडे द्यायला लागले. गाडीवर ताग्यातलं पॉलिस्टरचं कापड टाकलं.

मग एक दिवस मिलमध्ये, नव्या इलेक्ट्रिशियननं पॅनलचं दार बसवताना दाराची अर्थिंगची वायर जोडली नाही म्हणून मी त्याला झापत होतो. "अरे, दार हलतं! बिजागरीतून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहायचं नाही. हललं की सुटणार!" बोलता बोलता मी थांबलो. तो पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्या डब्यातला पत्रा, ज्यावर मी किट बसवलं होतं, असाच हलतो. इंजिनावर जोर आला की तो फिरतो, आणि त्याची अर्थिंग त्या बोटभर वायरीतून जाते. सपाटीवर पत्रा टेकून राहतो, चढावर सरकतो, करंट तुटतो... तीच वायर मी कापली होती.

दहा मिनिटांचं काम. त्याच संध्याकाळी जाऊन सांगायला हवं होतं, नाना, चूक माझी होती, तुमचा हात ठीक आहे. मी गेलो नाही. आधी वाटलं, रविवारी जाऊन गुपचूप वायर जोडून येऊ, कळणारही नाही. पण गाडीवर कापड होतं, आणि आता बॉनेट का उघडतोय ते सांगावं लागलं असतं. मग दिवाळी आली, मग मिलचं काम, मग लग्नसराई. दरम्यान दोनदा त्यांच्याकडे जेवून आलो. दुसऱ्या वेळी ते जिन्यात म्हणाले, "साहेब, गाडी विकी टाकूत का?" मी म्हणालो, "बघू ना, नाना." इतकंच म्हणालो.

त्यांचे दिवस झाल्यावर ताईंकडे गाडी बघायला एक गिऱ्हाईक येणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी गेलो आणि ताईंना सगळं सांगितलं. वायर, मिल, दिवाळी, जिना... सगळं. त्या तूर निवडत होत्या. हात थांबला नाही. खडे बाजूला काढत म्हणाल्या, "रात्री झोपेत बोटं चोळायचे ते. मी विचारायचे, दुखतं का? तर म्हणायचे, नही व, तपासी राह्यनू." मग ताट बाजूला सारून उठल्या. "गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून कळवा. आणि ती वायर जोडा."

जोडली. नानांच्याच खणातली तांब्याची जाळी घेतली, दोन्ही टोकांना स्क्रूसाठी भोकाच्या टिकल्या लावल्या, स्क्रू आवळले. खरंच दहा मिनिटं लागली. मान वर केली तर ताई बाजूच्या सीटवर येऊन बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. "चला, पुलावर."

गाडी पुलाला लागली. अर्धा चढ आला... गेला. एक आचका नाही. वरच्या टोकाला पोचता पोचता ताई म्हणाल्या, "थांबवा." मी कडेला घेतली. मागून हॉर्न सुरू झाले. त्या उतरल्या.

"ताई, लोक बघतात."

"बघू द्या. त्यांनाही बघत होते ना?" कठड्याला टेकून त्या खालचा चढ बघत राहिल्या. "बंद पडायची ती कुठे?"

मी हातानं जागा दाखवली.

"मग? ढकलायचं कोण?"

"नाना."

"शुगरचा माणूस. आणि तुम्ही?"

एक ट्रक अगदी अंगाला घासून गेला. ताई सगळं लिहा म्हणाल्यात, म्हणून तेही लिहितो.

"मी स्टिअरिंगवर बसायचो, ताई. ते म्हणायचे, तू धर. मना हात थरथरस."