अण्णांनी नाकारलेला माल

नवंकोरं पॉट हातात आलं की माल तपासणारे आमचे अण्णा त्याच्याकडे चोर पकडल्यासारखे बघायचे. पॉट म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतं ना, ते. "स्वल्प थांबा," म्हणून ते त्याला छोटा स्पीकर जोडायचे आणि डोळे मिटून दांडी सावकाश फिरवायचे.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनतात. तापमानाच्या बटणामागे हेच पॉट. स्पीकर जरा खरखरला की अण्णा ते बाद करायचे. "तेवढ्या जागी काटा उडाला, तर बाळ भाजतंय बगा."

मी पुण्याची, खरेदी विभागात. स्वस्तातला नवा पुरवठादार मी शोधलेला, आणि अण्णांनी त्याचा माल लागोपाठ तीनदा नाकारला!

"अहो, कागदावर सगळं बरोबर आहे!" मी चिडले.

"कागद फिरवून बगितला काय?"

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. आधीपासून पॉट पुरवणाऱ्या जुन्या दुकानदाराशी यांचं साटंलोटं असणार. दोघेही बेळगावकडचे, दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. तुम्हीच सांगा, तुम्हाला संशय आला नसता? मी सरळ साहेबांच्या कानावर घातलं.

मग पुरावा हवा म्हणून जुन्या दुकानदाराचे वीस पॉट नव्याच्या पिशवीत भरून अण्णांपुढे ठेवले. पिशवी बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. सापडले, म्हटलं! पण त्यांनी वीसच्या वीस फिरवले, ऐकले.

"माल चांगला हाय. पिशवी तेवढी दुसऱ्याची." माझ्याकडे बघून हसले. "मला तपासलासा व्हय? बरं केलासा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना लगेच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. उद्या सांगू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सकाळीच अण्णांना बोलावलं. दुपारी त्यांचं टेबल रिकामं होतं. मी साहेबांकडे धावत जाऊन सगळं ओकले.

"स्वतःची बाजू मांडलीच नाही त्यांनी," साहेब म्हणाले. "मी जातो म्हणाले, पण तो नवा माल बाळांच्या यंत्राला लावू नका."

लावला नाही. अण्णांना मी अजून फोन करते. उचलतात, हल्ली माल कसा येतो ते खोदून खोदून विचारतात. मी माफी मागायला लागले की ठेवून देतात.